उपग्रहातला डबा, पायथॉन आणि सासूबाईंचा हिरवा दिवा

जानेवारीत उपग्रहात बसवायचा आमचा प्रयोगाचा डबा बंगळुरूला पोचता केला, तेव्हापासून तीन कॉलेजांतल्या मुलांचे फोन आले. पहिला प्रश्न सगळ्यांचा तोच, पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेबद्दल: "मॅडम, उपग्रहात पायथॉन खरंच चालतं का?" दर वेळी अर्धा-पाऊण तास जातो आणि तरी निम्मं सांगायचं राहतं. म्हणून एकदाच बैजवार लिहून ठेवते.

आधी हे सांगते की मी अवकाशक्षेत्रातली कोणी नाही. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत पीएलसी (कारखान्यातली यंत्रं चालवणारे छोटे संगणक) प्रोग्रामिंग करते, सतरा वर्षं झाली. द्राक्षांची प्री-कूलिंग युनिटं, कोल्ड स्टोरेज, वायनरीतल्या बाटल्या भरायच्या लाइनी, असलं काम. माझी एक वर्गमैत्रीण शहरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं आणि त्याच आठवड्यात तिचा फोन आला. बंगळुरूची एक कंपनी आपल्या छोट्या उपग्रहात पाहुण्या पेलोडला, म्हणजे दुसऱ्यांच्या उपकरणाला, जागा देतेय, कॉलेजने अर्ज टाकलाय, तिसऱ्या वर्षाची चार मुलं तयार आहेत, सॉफ्टवेअरकडे बघायला मात्र कोणी मोठं माणूस नाही. "तुझ्या मशिनी रात्रभर एकट्या चालतात ना? मग हेही तसंच," असं म्हणून तिने मला गळाला लावलं.

प्रयोग साधा होता. बाजारात मिळणाऱ्या तीन मेमरी चिप. त्यांत ठरावीक नमुना लिहायचा, काही वेळाने परत वाचायचा, मधल्या काळात किती बिट उलटले (शून्याचा एक किंवा एकाचा शून्य झाला) ते मोजून कळवायचं. वर किरणोत्सर्गाने बिट उलटतात, दक्षिण अटलांटिकवरून जाताना जास्तच, कारण तिथे कणांचा पट्टा पृथ्वीच्या बराच जवळ येतो. २०१६ मध्ये पुण्याच्या सीओईपीच्या मुलांचा 'स्वयम्' आणि आयआयटी मुंबईच्या मुलांचा 'प्रथम' असे दोन अख्खे उपग्रह पीएसएलव्हीवरून गेले. त्यांच्यापुढे आमचा नुसता डबा: नऊ बाय नऊ सेंटिमीटर, २१० ग्रॅम. रेडिओ, बॅटरी, सौर पट्ट्या सगळं यजमान उपग्रहाचं. खासगी अवकाश कामांना परवानगी देणाऱ्या इन-स्पेस या सरकारी संस्थेकडचा अर्जही त्यांनीच केला, आम्ही फक्त त्यांनी मागितलेले तक्ते भरून दिले. तुम्हाला पहिल्यांदाच करायचं असेल तर असंच पाहुणं म्हणून जा, हा माझा आगाऊ सल्ला.

सप्टेंबरभर प्रोग्रामिंगच्या भाषेवरून वाद चालला. मुलांना सी येत होती ती परीक्षेपुरती, पायथॉन मात्र बोटांवर. मला दोन्ही जेमतेम, माझी मातृभाषा लॅडर लॉजिक, पीएलसीची चित्रांतली भाषा. मायक्रोपायथॉनचं नाव एका मुलीने काढलं. डेमियन जॉर्ज या माणसाने २०१३ मध्ये लोकांकडून पैसे जमवून ते सुरू केलं. छोट्या मायक्रोकंट्रोलरवर मावेल असं पायथॉन. पुढे युरोपच्या अवकाश संस्थेनेही, त्यांच्या उपग्रहांतल्या प्रोसेसरवर ते चालावं म्हणून, त्याला पैसा दिला. आम्ही निवडलेल्या एसटीएम३२एफ४०५ चिपवर ते आयतंच चालत होतं: १६८ मेगाहर्ट्झ, १ एमबी फ्लॅश, १९२ केबी रॅम. हो, केबीच. मुलांनी पहिल्यांदा आकडा ऐकला तेव्हा त्यांना वाटलं मी चुकून बोलले.

एडा या कडक शिस्तीच्या भाषेचाही विचार झाला. व्हरमाँटच्या तांत्रिक महाविद्यालयाने स्पार्क-एडात लिहिलेला छोटा उपग्रह नोव्हेंबर २०१३ मध्ये सोडला आणि तो दोन वर्षं, खाली येऊन जळेपर्यंत, काम करत राहिला. वाचून मोह झाला. पण एडा शिकवणार कोण आणि मुलं पास होऊन गेल्यावर वाचणार कोण, यावर गाडी अडली. शेवटी ठरलं ते माझ्या धंद्यातल्या नियमाने. मशिनीवरचं आणीबाणीचं लाल बटण आम्ही कधीच प्रोग्रामवर सोडत नाही, ते वायरिंगमध्येच असतं. तसंच इथे: जे थांबून चालणार नाही ते सीमध्ये, ज्यात उद्या बदल करावा लागेल ते पायथॉनमध्ये. सीचा भाग जेमतेम सहाशे ओळींचा झाला आणि तो मी लिहिला. बाकी सगळं मुलांचं.

नोव्हेंबर २०२३ पर्यंत टेबलावर तारांचं जंजाळ चालायला लागलं. खर्च साडेचार हजार, तोही मैत्रिणीच्या खिशातून.

पहिली आढावा बैठक, जिला सगळे पीडीआर म्हणतात, ती १९ जानेवारी २०२४ ला ऑनलाइन झाली. कंपनीचे तीन जण, आणि आमच्या बाजूने सल्लागार म्हणून ओझरच्या एचएएलमधून निवृत्त झालेले एक काका. काका आयुष्यभर विमानांत वावरलेले, त्यामुळे बोल्ट जरी बदलला तरी कागद मागणारे. आम्हाला वाटलं आपल्या बाजूचा माणूस आहे, सांभाळून घेईल. सगळ्यात अवघड प्रश्न त्यांनीच विचारला. पायथॉन मधूनमधून थांबून वापरून झालेली मेमरी मोकळी करतं, त्यावरून.

"तुमची ही भाषा मधेच थांबून मेमरी झाडते म्हणता. झाडायला किती वेळ लागतो?"

मुलगा म्हणाला, "सर, साधारण तीन मिलिसेकंद."

"साधारण नको. वाईटात वाईट सांगा."

सांगता आलं नाही. कंपनीच्या माणसाने पुढे विचारलं की असल्या भाषा वर कोणी नेल्यात का. याची तयारी आम्ही केली होती. नासाच्या डीप स्पेस-१ यानावर मे १९९९ मध्ये लिस्पमधल्या 'रिमोट एजंट'ने यान चालवून दाखवलं, जेम्स वेब दुर्बिणीतल्या उपकरणांची कामं जावास्क्रिप्टमधल्या स्क्रिप्टने चालतात, हे सगळं मुलीने धडाधड सांगितलं. समोरून शांतपणे उत्तर आलं: "४ जून १९९६. एरियन-५. भाषा एडा होती, कडक शिस्तीची. ६४ बिटचा आकडा १६ बिटांत मावला नाही आणि सुमारे चाळीस सेकंदांत रॉकेट गेलं. तेव्हा भाषेचं नाव सांगू नका, तुमचे आकडे दाखवा." निकाल: सशर्त मंजूर, एकोणीस शेरे. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. शेरे सगळे बरोबर होते, हे जास्त टोचत होतं.

फेब्रुवारी ते एप्रिल फक्त मोजमाप. यात रस नसेल तर पुढचे तीन परिच्छेद सोडा. पण स्वतः करणार असाल तर हेच वाचा.

झाडलोटीला किती वेळ लागतो हे मोजायला सोपी युक्ती आहे. झाडलोट सुरू करायच्या आधी चिपची एक पिन वर करायची (तिच्यावर व्होल्टेज द्यायचं), संपली की खाली, आणि ऑसिलोस्कोप लावून रुंदी बघायची. एरवी तीनच मिलिसेकंद. मग आम्ही मुद्दाम हजारो बारीक वस्तू तयार करून मेमरीचा उकिरडा केला, तेव्हा सात. सात मिलिसेकंदांत काय बिघडतं? यजमान उपग्रह आमच्याशी ११५२०० बॉडने बोलतो, म्हणजे सेकंदाला साधारण साडेअकरा हजार बाइट. सात मिलिसेकंदांत ऐंशी बाइट येतात. आणि आमच्या बोर्डावर सीरियल पोर्टचा बफर (आलेले बाइट वाचेपर्यंत थांबायची जागा), आपण काही सांगितलं नाही तर, ६४ बाइटचा. म्हणजे दर काही हजार आज्ञांमागे एखादी शेपटीकडून तुटत होती ती याचमुळे! महिनाभर आम्ही केबलला शिव्या देत होतो. बफर ५१२ चा केला, आज्ञा तुटायची थांबली. काकांचा तो एक प्रश्न नसता तर तुटकी आज्ञा वर गेली असती.

दुसरा त्रास मेमरीच्या तुकड्यांचा. दोन-अडीच दिवस चाललं की 'मेमरी नाही' म्हणून प्रोग्राम पडायचा, आणि बघावं तर ४० केबी मोकळी. मुलं चक्रावली, मला मात्र लगेच कळलं. कोल्ड स्टोरेजमध्ये हे दर हंगामात होतं: क्रेट मावतील अशा फटी शंभर, पण अख्खं पॅलेट ठेवायला सलग जागा नाही. मायक्रोपायथॉन मोकळी जागा गोळा करतं, पण माल सरकवून सलग करत नाही. उपाय म्हणजे सगळे मोठे बफर सुरुवातीलाच घेऊन ठेवायचे आणि आयुष्यभर तेच वापरायचे. चालू लूपमध्ये नवीन स्ट्रिंग नाही, नवीन लिस्ट नाही. पोर्टवरचं वाचनसुद्धा जुन्याच बफरमध्ये. मुलांनी हातचं राखून न ठेवता लिहिलेलं सुंदर पायथॉन यात कुरूप झालं. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, हे तर सीच वाटायला लागलं." वाटलं तर वाटू दे.

तिसरं, प्रोग्राम फाइल म्हणून ठेवू नका, फर्मवेअरमध्येच (चिपमध्ये कायम भरलेल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) गोठवून टाका. मग तो फ्लॅशमधूनच चालतो, रॅम खात नाही. आमची मोकळी रॅम एवढ्यानेच ३८ वरून ७१ केबी झाली. आणि आवृत्ती एकदा ठरवली की तिला चिकटून राहा. आम्ही १.२० वर थांबलो. नव्या आवृत्त्या येत राहिल्या, आम्ही तिकडे बघितलंही नाही.

मे महिना परीक्षांत गेला. दुसरी बैठक, सीडीआर, जूनच्या मध्यावर. तिथे भांडण झालं ते रेपलवरून. रेपल म्हणजे बोर्डाला तार जोडायची, एक ओळ टाइप करायची, लगेच उत्तर घ्यायचं. एप्रिलमध्ये कंपनीच्या टेबलावर जोडणी तपासताना आमचा तापमानाचा सेन्सर बोलेना. मुलीने रेपलवर एक ओळ टाइप करून बसवर, म्हणजे सेन्सर जोडलेल्या सामायिक तारांवर, कोणकोणते पत्ते जिवंत आहेत ते बघितलं. सेन्सरचा पत्ता आमच्या कागदापेक्षा एकाने वेगळा निघाला, कारण बोर्डावर एक पिन उलटी बांधलेली. दहा मिनिटांत विषय संपला. शेजारच्या टेबलावर दुसऱ्या एका कॉलेजची मुलं होती, सगळं सीमध्ये. त्यांना तसलीच चूक शोधायला डबा उघडून प्रोग्रामर (चिपमध्ये प्रोग्राम भरायचं उपकरण) जोडावा लागला, दुपार गेली. उच्च पातळीच्या भाषेचा खरा फायदा मला त्या दिवशी दिसला: ओळी कमी लागतात ते सोडाच, चालत्या यंत्राला प्रश्न विचारता येतो.

म्हणून आमची मागणी होती की हे रेपल वरही उघडं ठेवू द्या. डीप स्पेस-१ वर प्रयोगाच्या पहिल्याच टप्प्यात प्रोग्राम अडकला होता, दोन कामं एकमेकांची वाट बघत बसली होती, आणि ते शोधायला यानावरचं चालू लिस्प कामी आलं. कोट्यवधी किलोमीटरवरून. हे आम्ही मोठ्या आवेशात मांडलं. कंपनीने साफ नकार दिला. त्यांचं म्हणणं, आमचा डबा त्यांच्या वायरवर आहे. कोणी काय टाइप करेल याची हमी कोण देणार?

चार मेल इकडून, चार तिकडून, आणि मग तोडगा निघाला. वर फक्त सव्वीस ठरलेल्या आज्ञा चालतील. त्यांतल्या एका आज्ञेने लहान स्क्रिप्ट पाठवता येईल, पण ती तुकड्यातुकड्याने येणार, तिच्या बाइटांची सोबत पाठवलेली बेरीज जुळली तरच साठवली जाणार, आणि लागोपाठ तीन वेळा बोर्ड रीसेट झाला तर स्क्रिप्ट बाजूला टाकून गोठवलेला मूळ प्रोग्रामच चालणार. सेटिंगच्या तीन प्रती ठेवायच्या, दोन जुळतील ती खरी मानायची. आज विचाराल तर कंपनीचं बरोबर होतं. तेव्हा मात्र मी चिडून फोन ठेवला होता, ही गोष्ट वेगळी.

जुलै-ऑगस्ट खरेदी. यावर फार लिहीत नाही, रक्तदाब वाढतो. तीन कोटेशन, तुलनात्मक तक्ता, नोटशीट, त्यावर चार सह्या, आणि चौथी सही करणारे साहेब रजेवर. पाच पीसीबींचे (सर्किट बोर्डांचे) २१,५०० रुपये, सुट्या भागांचे ४६,०००. त्यात यजमानांनी सांगितलेल्या कनेक्टरची एक जोडीच ७,८०० ची आणि ती यायला अकरा आठवडे. कनेक्टरची ऑर्डर सगळ्यात आधी द्या, डिझाइन अर्धवट असलं तरी. मैत्रिणीने आणि मी मिळून भरलेले पैसे परत मिळायला चार महिने लागले. बिलावर कॉलेजचं नाव आणि जीएसटी क्रमांक पहिल्या दिवसापासून अचूक घ्या. आमचं एक बिल एका अक्षरासाठी दोनदा परत आलं. उपग्रहातल्या जागेचं भाडं संस्थेने थेट भरलं, तो आकडा करारामुळे लिहिता येत नाही.

कंपनाची चाचणी सप्टेंबरात झाली. त्यासाठी बंगळुरू गाठायची गरज नसते. नाशिकला गाड्यांचे भाग बनवणारे इतके कारखाने आहेत की हवं तसं हादरवणारं टेबल सातपूरलाच मिळालं. ३२,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३७,७६०. तिन्ही अक्षांवर हादरवलं. एक स्क्रू अर्धा फेरा सैल झाला, स्क्रू धरून ठेवणारा लॉकटाइट गोंद लावून पुन्हा घेतलं, पास.

३० सप्टेंबर २०२४ ला कोड गोठवला, म्हणजे यापुढे त्यात बदल नाही. केक आणला, त्यावर आवृत्तीचा क्रमांक. आता उरली होती एकच चाचणी: पंधरा दिवस न थांबता चालवून दाखवणं. सोपं वाटतं ना?

कॉलेजच्या लॅबमध्ये ते काही केल्या होईना. शिपाईमामा शनिवारी संध्याकाळी नेमाने मेन स्विच पाडून जायचे. त्यांना तीस वर्षांची सवय, आणि चूक त्यांची नाही, नियमच तसा. बोर्डाला यूपीएस लावला तर त्याची बॅटरी रविवारी दुपारी संपायची. पाच-सहा दिवसांच्या वर मजल जाईना. प्रत्येक तुकडा निर्दोष. मुलांचं म्हणणं, सहा अधिक सहा अधिक तीन, झाले की पंधरा. काकांनी नुसतं बघितलं.

मग दिवाळीची सुट्टी लागली आणि मी डबा घरी आणला. पाथर्डी फाट्याजवळ आमचा फ्लॅट, इन्व्हर्टर दणकट. शनिवार, २६ ऑक्टोबर, रात्री नऊ वाजता हॉलमधल्या शोकेसवर तो सुरू करून ठेवला, शेजारी जुना लॅपटॉप नोंदी घ्यायला. दर तीस सेकंदांनी डबा एक पॅकेट पाठवायचा आणि एक हिरवा दिवा लुकलुकायचा. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "हे काय आकाशकंदिलाचं आहे का?" मी सांगितलं की बंद करू नका, हात लावू नका, फक्त दिवा लुकलुकतोय ना एवढं बघा. त्यांनी ते मनावर घेतलं. फराळ झाला, भाऊबीज झाली, पाहुणे येऊन गेले. सकाळी देवपूजा झाली की त्या शोकेससमोर उभ्या राहायच्या, दिवा एकदा लुकलुकेपर्यंत, आणि मग चहाला जायच्या.

८ नोव्हेंबर, शुक्रवार. मी जेवणाचे डबे भरत होते. आतून हाक आली, "अगं, तुझा दिवा थांबलाय. मी कधीची उभी आहे."

लॅपटॉपवर शेवटचं पॅकेट सव्वासातचं. बोर्ड जिवंत, आज्ञा पाठवली तर उत्तर देतोय, तापमान बरोबर, मेमरी भरपूर. फक्त पॅकेट पाठवत नाही. वॉचडॉगनेही (प्रोग्रामने वेळेवर थोपटलं नाही तर बोर्ड रीसेट करणारं घड्याळ) रीसेट केलं नाही, कारण मुख्य लूप फिरतच होता आणि वॉचडॉगला वेळेवर थोपटत होता. मी सुट्टी टाकली. मुलांना फोन केला. दुपारपर्यंत चौघंही हॉलमध्ये जमिनीवर बसलेली, उरलेल्या चकल्या खात.

वेळेचा हिशोब केला: सुरू केल्यापासून बारा दिवस, दहा तास, साडेपंधरा मिनिटं आणि थोडं. एका मुलीने ते मिलिसेकंदांत केलं आणि पुटपुटली, "दोनचा तिसावा घात." मायक्रोपायथॉनचं मिलिसेकंदांचं घड्याळ आमच्या चिपवर १,०७,३७,४१,८२४ ला पोचलं की परत शून्यावर येतं. हे कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेलं आहे, दोन वेळांमधला फरक काढायला वेगळं फंक्शनही दिलेलं आहे. आम्ही इतरत्र सगळीकडे ते वापरलं होतं. या एका ठिकाणी मात्र साधी वजाबाकी: आत्ताची वेळ वजा मागची वेळ, तीस हजारांहून जास्त असेल तर पाठव. घड्याळ शून्यावर आलं, वजाबाकी उणे शंभर कोटींच्या पलीकडे गेली, आणि डबा निवांत वाट बघत बसला. रीसेट होईपर्यंत तो तसाच बसला असता.

आणि हे लॅबमध्ये कधीच सापडलं नसतं. शनिवारी मेन स्विच पडायचा तेव्हा आमचं घड्याळही दर आठवड्याला शून्यापासून सुरू व्हायचं. मुलांची ती सहा अधिक सहा अधिक तीनची बेरीज. काका का बघत होते ते आता कळलं. ते घरी आले, डबा बघितला, आणि सासूबाईंना म्हणाले, "वहिनी, तुम्ही आमच्याकडे इन्स्पेक्शनला हव्या होतात." त्यांनीच सांगितलं की नासाचं धूमकेतूंकडे पाठवलेलं डीप इम्पॅक्ट यान ऑगस्ट २०१३ मध्ये हातचं गेलं, त्यामागेही असाच वेळेच्या आकड्याचा घोळ असावा असं मानतात. मुलांचे चेहरे जरा सैल झाले.

एका मुलाने सुचवलं की कोड गोठवलाय, तर राहू दे. कंपनीला सांगू की आठवड्यातून एकदा आमची वीज बंद-चालू करा, प्रश्नच येणार नाही. मोह मलाही झाला, खोटं कशाला बोलू. गोठवलेल्या कोडला हात लावायचा म्हणजे दोष-अहवाल, परिणामांचं विश्लेषण, सगळ्या चाचण्या पुन्हा. काका म्हणाले, "दोन्ही करा. चूकही दुरुस्त करा आणि दर सात दिवसांनी रीसेटही ठेवा." तसंच केलं. बदललेल्या ओळी नऊ, त्यासाठी कागद एकतीस पानं. कंपनीचा पहिला प्रश्न अपेक्षितच होता: ही चूक आणखी कुठे आहे? शोधलं तर दुसरी एक सापडली, चिप वाचण्याच्या वेळापत्रकात. ती पंधरा दिवसांत दिसलीही नसती, कारण तिथे नुकसान गुपचूप होत होतं.

दोन बदल असे, जे मी आता पीएलसीच्या कामातही करते. एक, वॉचडॉगला मुख्य लूपने आपोआप थोपटायचं नाही. पॅकेट पाठवणारं, चिप वाचणारं, आज्ञा ऐकणारं, प्रत्येकाने आपापली हजेरी लावली तरच थोपटायचं. दोन, वेळ नेहमी आपल्याच एका फंक्शनमधून वाचायची, म्हणजे चाचणीत घड्याळ पुढे सरकवता येतं. आम्ही ते शून्यावर यायच्या वीस सेकंद आधी नेऊन ठेवलं आणि बारा दिवसांची चूक एका मिनिटात पुन्हा घडवून दाखवली. हे आधीच सुचलं असतं तर दिवाळी बरी गेली असती.

वेळापत्रक पाच आठवडे सरकल्यामुळे करारनाम्याला पुरवणी जोडावी लागली. मैत्रीण १०० चा स्टॅम्पपेपर घेऊन गेली आणि परत आली. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात ५०० चा लागतो. लहानशी गोष्ट, पण पुन्हा सह्यांची तीच फेरी.

दुरुस्त केलेल्या कोडवर पंधरा दिवसांची चाचणी पुन्हा घरीच झाली, २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर. सासूबाईंनी कॅलेंडरवर फुल्या मारल्या. तेराव्या दिवशी त्या पहाटेच उठून बसल्या होत्या. तेरा हा आकडाच मुळात त्यांना आवडलेला नव्हता.

१२ जानेवारी २०२५ ला मी आणि दोन मुलं मनमाडला गेलो आणि कर्नाटक एक्सप्रेस धरली. डबा स्टॅटिक न धरणाऱ्या पिशवीत, पिशवी फोमच्या पेटीत, पेटी माझ्या मांडीवर. सोबत परतीच्या नोंदीचं चलन, कॉलेजचं पत्र आणि पेटीत काय आहे ते सांगणारा एका पानाचा फोटोसह कागद. तो कागद दोनदा दाखवावा लागला. रात्री आम्ही पाळीपाळीने झोपलो. पुढचे चार दिवस निर्वात कक्षात गरम-थंड चाललं, उणे २० ते ६० अंश, त्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही. १७ तारखेला दुपारी कंपनीच्या मुलीने पांढऱ्या कोटात, हातमोजे घालून डबा ताब्यात घेतला, वजन केलं, २११ ग्रॅम, आमच्या कागदावर २१०. तिने लॉकटाइटचा उल्लेख शोधून काढला, एक ग्रॅमचा हिशोब लावला आणि सही केली.

प्रक्षेपणाची तारीख अजून आलेली नाही. डबा त्यांच्या स्वच्छ खोलीत आहे. त्याचा जुळा भाऊ आमच्या शोकेसवर चालू आहे, कारण वर कुठलीही स्क्रिप्ट पाठवायची तर आधी याच्यावर चालवून बघायची असं ठरलंय. आज त्याचा ७४ वा दिवस. मधे हॉलला रंग दिला तेव्हा कामगाराने प्लग काढायला हात घातला होता. सासूबाई आडव्या आल्या.